घरात सुतक, दारात संशय: हिंसेनंतर मुलांच्या मनात काय चालतं

२२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमध्ये पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते: तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, एक पनवेलचे. पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथला एक घोडेवालाही गेला. तो मुसलमान होता. पुढच्या चार-आठ दिवसांत निरनिराळ्या शहरांत शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना धमक्या आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. म्हणजे एकाच घटनेनं दोन तऱ्हेच्या घरांतल्या मुलांची झोप उडवली. एका घरातलं माणूस गेलं होतं. दुसऱ्या घरातल्या कुणी कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता, तरी पोराला खोलीबाहेर पडायची धास्ती होती.

कोकणाला हे नवं नाही. आपल्याकडे घर इथं आणि कमावता हात मुंबईत. तिकडे काही झालं की इकडे वाडीत आणि मोहल्ल्यात फोन वाजतो. खाडीकाठच्या एका गावात मी १९ वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. निवृत्त झाल्यावरही पालक येतात आणि विचारतात, "बाई, पोरगा रडतच नाही, नुसता चिडतो. काय करावं?" त्यांना जे सांगत आले ते इथं लिहिते. दोन मुलांच्या गोष्टी येतील. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दुःखाची भरती-ओहोटी

आधी अगदी मुळाशी जाऊ. माणूस गेल्याचं दुःख हा आजार नाही. त्याला वेळ लागतो आणि जागा लागते, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. दहावा, बारावा, तेरावा, मुसलमान घरात चाळिसावा, विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत. भातशेतीला बांध घालतात तसे हे बांध आहेत. एवढे दिवस या घरानं काही करायचं नाही, जेवण शेजारून येईल, कुणी काही मागायचं नाही.

मोबाईलवर 'दुःखाचे पाच टप्पे' फिरत असतात: नकार, राग, घासाघीस, निराशा, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी ते १९६९ साली मांडले, पण ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख जिन्याच्या पायऱ्या चढावं तसं क्रमानं जात नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली जे सांगितलं ते किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच पटेल. दुःखातलं माणूस दोन काठांमध्ये हेलकावे खातं. कधी गेलेल्या माणसात बुडतं, तर कधी पाणी भर, फॉर्म भर, क्रिकेट खेळ अशा चालू आयुष्यात परत येतं. दोन्ही लागतं. भरतीला ओहोटी नसेल तर गाव बुडेल.

मुलांमध्ये हा हेलकावा जोरात असतो. भाऊ जाऊन तीन दिवस झाले आणि पोरगा मळ्यात बॉलिंग टाकतोय, हे पाहून आत्या म्हणते, "ह्याला काही वाटतंच नाही." वाटतं हो. ती त्याची ओहोटी आहे. रात्री साडेबाराला पाणी चढतं तेव्हा आत्या झोपलेली असते. आणि जसं उधाण तिथी बघून येतं, तसं दुःखही बघून येतं: गणपतीत, निकालाच्या दिवशी, त्याच्या आवडीचे बोंबील घरात तळले जातात त्या दुपारी.

हिंसेतलं मरण वेगळं का

आजारपणात माणूस गेलं तर घराला थोडी तरी चाहूल लागलेली असते. हिंसेत ती नसते. शिवाय मरण घरातल्यांच्या हातातून निघून जातं. प्रेत शवविच्छेदनाला जातं, पंचनामा होतो, जबाब होतात. शेवटच्या क्षणाचा व्हिडिओ ज्यांना त्याचं नावही माहीत नाही अशांच्या फोनमध्ये असतो. मूल स्वतःशी तेच ते घोळवत राहतं: मी फोन उचलला असता तर? गणपती झाल्यावर त्याला दोन दिवस थांबवून घेतला असता तर? पुढे कोर्टाची तारीख येते. प्रत्येक तारखेला दुःख पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. वर्षभरानं मूल सावरलंय असं वाटत असताना अचानक कोसळलं, तर आधी घरात विचारा की समन्स आलं होतं का.

काही घरांना तर मरणही मिळत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसं गेली आणि १६८ बेपत्ता झाली. या बेपत्तांपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई पोचलेलीच नव्हती. त्या वारसांचा शोध घ्या असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. तीस वर्षं! ज्या घरातला माणूस बेपत्ता आहे तिथं दिवस घालायचे की वाट पाहायची? पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेनं याला एक नाव दिलं आहे. आपण त्याला अधांतरी वियोग म्हणू. अशा घरातल्या मुलाला 'आता विसर' म्हणणं क्रूर आहे, कारण विसरणं म्हणजे आपणच माणसाला मारणं असं त्याला वाटतं.

आढीतला नासका आंबा

आता दुसरं ओझं. पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटायच्या आधीच त्याच्याविषयी ठरवून टाकलेलं मत. मेंदू रोज हजार गोष्टींची वर्गवारी करतो, कारण प्रत्येक गोष्ट नव्यानं तपासायला त्याला सवड नसते. भीती वाटली की ही वर्गवारी आणखी ढोबळ होते.

यातली एक खोड मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ साली नेमकी पकडली. आपल्यातल्या कुणी वाईट केलं की आपण म्हणतो, "तो पोरगाच वाया गेला." त्यांच्यातल्या कुणी केलं की म्हणतो, "ते लोकच तसले." चांगल्याचं उलट. आपल्यातल्यानं चांगलं केलं तर आपले संस्कार, त्यांच्यातल्यानं केलं तर 'तो अपवाद हो'. असा हिशेब मांडला की समोरचा काहीही करो, आपलं मत हलत नाही.

उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं घ्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं कोकणी मुसलमानाला गावाचं नाव सांगितलं की समोरच्याची नजर बदललेली दिसायची. पण टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरलेल्यांत, लाच घेऊन माल पुढे जाऊ देणारे कस्टम्सचे आणि पोलिसांतलेही लोक होते, आणि ते एका धर्माचे नव्हते. त्यांच्यावरून कुणी त्यांच्या अख्ख्या जातीला जाब विचारला नाही. विचारायला नकोच होता.

इथं हमखास एक दाखला दिला जातो: "बाई, आढीत एक आंबा नासला की सगळी आढी नासते." मी आंब्याच्या घरची आहे, आढ्या लावल्या आहेत, उपसल्या आहेत. पेंढ्यात आंब्याला आंबा टेकलेला असतो, म्हणून नासतो. नासका दिसला की आपण तो उचलून टाकतो आणि बाजूचे दोन-तीन हातात घेऊन, देठाशी दाबून, वास घेऊन बघतो. आडनाव बघून अख्खी आढी उकिरड्यावर ओतणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही.

संशय अंगावर आला की कसं वाटतं हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांनीच थोडंफार चाखलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना आपल्याच पाण्यात बायोमेट्रिक ओळखपत्र बाळगणं आलं. सुरक्षेला ते हवंही असेल. पण "आम्ही कोण हे आम्हालाच दाखवायला लागतंय" ही बोच कोळ्याला, गाबिताला, दालदी मुसलमानाला सारखीच लागली.

दोन्ही ओझी एकाच डोक्यावर

एका मोठ्या हल्ल्यानंतरचा सोमवार होता. मी अकरावीची हजेरी घेत होते. एका मुलाचं नाव घेतलं, तो 'हजर' म्हणाला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी शेजारच्या देशाचं नाव घेतलं. चार-पाच जण हसले. मी मान वर करून पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. तास वाया जाऊ नये, विषय वाढू नये, असं काहीतरी माझ्या मनात असावं. त्या मुलानं वहीच्या समासात पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मला तो आवाज ऐकू आला होता.

आठ दिवस तो आला नाही. मग कळलं की त्याच हल्ल्यात त्याचे मामू गेले होते. वर्गात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. त्यानं सांगितलंच नव्हतं. पुढे खूप महिन्यांनी म्हणाला, "सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, बाई. वाटलं असतं, स्वतःला वाचवायला सांगतोय."

हे वाक्य मी विसरू शकलेली नाही. दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली मांडलेली एक कल्पना इथं तंतोतंत बसते: मान्यता नसलेलं दुःख. समाज जे दुःख दुःख म्हणून मोजतच नाही, ते. प्रेयसीचं, घटस्फोटित बायकोचं, आणि ज्याच्या नावामुळे तो आधीच आरोपी ठरला आहे अशा मुलाचं. त्याच्या घरी सुतक आहे, पण बाहेर त्यानं निषेध नोंदवायचा, निष्ठा दाखवायची, हसून घ्यायचं. रडायला वेळ उरत नाही. ओहोटी आणि भरती यांच्या मधेच कुणीतरी बंधारा घातल्यासारखं होतं.

याचा अभ्यासावरही परिणाम होतो. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली अमेरिकेत दाखवून दिलं की आपल्या समाजाविषयीचा वाईट समज मनात जागा असताना हुशार मुलंही परीक्षेत कमी पडतात. डोक्याचा एक भाग सतत स्वतःवर पहारा देत असतो: मी काय बोललो, कसा बसलो, त्यांना काय वाटलं असेल. फुटकं होडकं वल्हवायचं आणि त्याच वेळी पाणीही उपसायचं, असं ते असतं. अशा मुलाचे गुण घसरले की आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

तिसरं एक घर असतं, त्याचा उल्लेख कुणी करत नाही: हल्ला करणाऱ्याचं. त्याची धाकटी बहीण शाळेत जाते. तिनं काही केलेलं नाही. तिचा भाऊ तुरुंगात आहे आणि तिला त्याची आठवण येते, हे ती जगात कुणाजवळही बोलू शकत नाही.

"म्हणजे आम्ही रागवायचंही नाही?"

रागवायचं. ज्याचं माणूस मारलं गेलं त्याचा राग रास्त आहे, आणि 'माफ कर' असा उपदेश बाहेरच्यानं करू नये. प्रश्न इतकाच आहे की राग कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा. खरा आरोपी फरार असतो किंवा कोठडीत असतो. हाताशी असतो तो त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला शेजारचा पानवाला. राग तिथं उतरवला की दोन दिवस बरं वाटतं, आणि मग घरातल्या तरुण पोरावरच गुन्हा दाखल होतो. आईला एक मुलगा गेल्याचं दुःख असतं, त्यात दुसऱ्याच्या जामिनाची धावपळ येते. हे मी दोन घरांत पाहिलंय.

रागाला योग्य पत्ता देण्याची सोय कायद्यात आहे, पण कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. हे तुम्ही मागू शकता, उपकार म्हणून मागायचं नाही. या संहितेच्या कलम ३९६ खाली पीडिताला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाई मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, आणि आरोपी सापडला नसला तरी करता येतो. आरोपी सुटला तर पीडिताच्या वारसाला अपील करता येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांवरच्या अत्याचाराला १९८९ चा वेगळा कायदा आहे, त्यात मदतीची आणि संरक्षणाची वेगळी तरतूद आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातात ही फाईल द्या. तारखा लिहून ठेव, वकिलांना विचार, कागद लाव. भावासाठी काहीतरी करायचंय हा त्याचा जीव तोडून चाललेला आक्रोश असतो. त्याला करायला खरं काम मिळतं.

"आधी ज्यांचं माणूस गेलं त्यांचं बघा"

बरोबर आहे, आधी त्यांचंच. ज्या घरात प्रेत आलंय त्या घराच्या पुढे कुणाचा अपमान मोठा नाही. पण दुःख म्हणजे काही रेशनवरचं रॉकेल नाही, की एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी झालं. आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलासारखी कितीतरी मुलं दोन्ही रांगांत उभी असतात, त्यांना कुठल्या रांगेतून काढणार?

बोलावं की बोलू नये?

'बोललं की मन हलकं होतं' आणि 'विषय काढला की जखम चिघळते', घरात ही दोन्ही मतं असतात. दोन्ही अर्धी खरी. घटनेनंतर लगेच मुलाला बसवून 'काय काय झालं ते सगळं सांग' असं वदवून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा सक्तीच्या उजळणीची शिफारस केलेली नाही. तिनं २०११ साली सांगितलेली रीत साधी आहे: पाहा, ऐका, जोडा. मूल जेवतंय का, झोपतंय का, सुरक्षित आहे का ते पाहा. बोलेल तेव्हा, बोलेल तेवढं ऐका. मग ज्या मदतीची गरज आहे तिच्याशी त्याला जोडून द्या. बोलणं बहुतेक वेळा समोरासमोर होतच नाही. जाळं विणताना, सुपारी सोलताना, मोटारसायकलवर मागे बसल्यावर होतं. "रडू नको गो बाय" असं आजीनं म्हणण्यापेक्षा नुसता पाठीवर हात ठेवलेला बरा.

दुःख असणं हा आजार नाही हे वर म्हटलं, पण कधीकधी ते गोठून बसतं. सहा महिन्यांहून अधिक काळ दुःखाची धार जराही कमी होत नसेल, शाळा-काम-मित्र सगळं सुटलं असेल, तर डॉक्टरांची मदत घ्या. त्याआधीही मूल जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, दारूकडे वळलं, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन कधीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. लहान मुलांसाठी १०९८. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'वेड्याचं इस्पितळ' म्हणून तिथं न जाणं हाही एक पूर्वग्रहच.

एकत्र बसवलं की झालं?

शाळांमध्ये सलोख्याचा कार्यक्रम होतो, दोन्हीकडची मुलं स्टेजवर येतात, हातात हात देतात, फोटो निघतो. त्यानं फार काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितलं होतं की नुसत्या भेटीनं पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचा दर्जा हवा, एकच ध्येय हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. २००६ साली ५१५ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा भेटीगाठींनी पूर्वग्रह घटतो हेच दिसलं, आणि या अटी पाळल्या तिथं तो जास्त घटला.

या चारही अटी मालवण-देवगडकडे ज्यानं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली आहे त्याला समजावाव्या लागत नाहीत. किनाऱ्यावर दोन रांगा, दोन दोर. एका रांगेनं हात सैल सोडला तर जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. मग जो ओढायला होता त्याला वाटा. ओढताना शेजारच्याचं नाव विचारत कुणी बसत नाही. माझ्या शाळेत हे जमलं ते एका वादळानंतर. वाचनालयाची कौलं उडाली होती, भिजलेली पुस्तकं उन्हात पान-पान सुटं करून वाळवायची होती. आठवडाभर तो पेनवाला मुलगा आणि मागच्या बाकावरचा मुलगा एकाच चटईवर बसून पानं उलटत होते. ते एकमेकांशी गोड बोलायला लागले असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या हजेरीला मागून आवाज आला नाही. आला असता तर या वेळी मी थांबले असते.

दुःख कुणाचं?

दुसरी गोष्ट एका मुलीची. तिचा भाऊ मुंबईत वर्कशॉपमध्ये होता, भांडणात चाकू लागून गेला. मारणारे दुसऱ्या धर्माचे होते, बाहेरच्यांना तेवढं पुरलं. पहाटे गाडी प्रेत घेऊन आली. नऊ वाजेपर्यंत अंगणात त्या घराला कधीही न ओळखणारी माणसं होती. तिच्या आईला कॅमेऱ्यासमोर बोलायला उभं केलं. दहाव्याच्या आत नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागला: भावाचा फोटो, खाली बदल्याची घोषणा, बाजूला पाच जणांचे हात जोडलेले चेहरे.

ती रोज त्याच नाक्यावरून एसटी पकडायची. मला म्हणाली, "बाई, तो असा नव्हताच. त्याला भांडणं आवडायची नाहीत. आता सगळे तोच फ्लेक्सवरचा दादा ओळखतात." तिची मैत्रीण त्या दुसऱ्या धर्माची होती, तिनंही येणं बंद केलं. भीतीपोटी. म्हणजे भाऊ गेला, मैत्रीण गेली, आणि भावाची आठवणही दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. पूर्वग्रह फक्त ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच लुबाडतो असं आपल्याला वाटतं. ज्याच्या नावानं तो पेटवतात त्या घराचं दुःखही तो उचलून घेऊन जातो, हे मला या मुलीनं शिकवलं.

काही जण म्हणाले, फ्लेक्स काढला तर लोक त्याला विसरतील. ती म्हणाली, "लोकांना तो आठवत नाहीच आहे." पावसाळ्यात फ्लेक्सचा एक कोपरा सुटला, वाऱ्यानं फडफडू लागला. काढायचा म्हटलं तर ज्यांनी लावला त्यांना विचारायला लागलं. मी आणि तिचे काका गेलो. सरळ सांगितलं की घरच्यांना नको आहे. ते थोडे कुरकुरले, पण घरच्यांच्या शब्दापुढे काही बोलू शकले नाहीत.

काकांनी सुतळ्या कापल्या. घरी पडवीत तिनं तो जमिनीवर पसरला, फडक्यानं चिखल पुसला. मग आईची कात्री घेऊन खालची घोषणा आणि बाजूचे पाच चेहरे कापून वेगळे केले. उरला तो दादा. त्याची चौघडी घालून तिनं तो ट्रंकेत, त्याच्या शाळेच्या दाखल्याखाली ठेवला. कापलेल्या पट्ट्या आजीनं लाकडांच्या बेगमीवर टाकल्या, घोषणेची बाजू खाली करून, कारण त्या वर्षी पाऊस लांबला होता.